कोपर वाकत नाहीये: रोज फिजिओ लावायचा की आठवड्यातून एकदा?

घाटमाथा

भाचा २३ वर्षांचा. सात आठवड्यांपूर्वी पहाटेच्या शिफ्टला जाताना गाडी घसरली आणि उजव्या कोपराचा चुरा झाला. ऑपरेशन महात्मा फुले योजनेत झालं, दोन प्लेटा बसल्या, खिशाला फार झळ लागली नाही. झळ आता लागतेय. ती योजना दाखल पेशंटसाठी. रोज जाऊन-येऊन करायच्या फिजिओला त्यातून पैसे मिळत नाहीत. आमच्या तालुक्यात क्लिनिकवर गेलं तर एका वेळेचे ४००, घरी बोलावलं तर ७००. डॉक्टर म्हणाले तीन महिने करा. आठवड्याचे सहा दिवस, बारा आठवडे, ४०० च्या हिशेबानेच २८,८०० झाले. बहीण ब्लाऊज शिवते, मेहुणे नाहीत.

माझं मत असं की रोजचा फिजिओ आपल्याला परवडत नाही आणि बऱ्याचदा लागतही नाही. आठवड्यातून एकदा चांगल्या माणसाला दाखवावं, पुढच्या सात दिवसांचा व्यायाम लिहून घ्यावा आणि घरी दिवसातून पाच वेळा दहा-दहा मिनिटं करावा. मी दोनदा सोबत गेलोय. वीस मिनिटं शेक, दहा मिनिटं मशीनच्या मुंग्या, आणि प्रत्यक्ष हाताला हात लावणं जेमतेम दहा मिनिटं. शेकायची पिशवी घरी आहे की! पैसे द्यायचे ते त्याच्या नजरेचे.

बहीण म्हणते, "पैशापायी पोराचा हात वाकडा ठेवू का?" चार दिवस अबोला आहे. तुम्ही सांगा.

उंबरठा

मामा, हिशेब कागदावर बरोबर आहे. घरी कुणीही पाच वेळा करत नाही. माझ्या धाकट्या भावाचं मनगट मोडलं होतं, तेव्हा आम्हीही हाच शहाणपणा केला. व्यायामाचा कागद फ्रिजवर लावला. पहिले तीन दिवस आई मागे लागून करून घ्यायची, चौथ्या दिवशी पाहुणे आले, मग मॅच आली, मग दुखतंय म्हणून राहिलं. कागद अजून फ्रिजवर आहे. भावाला अजून त्या हाताने बादली उचलता येत नाही.

तुमची बहीण बरोबर आहे.

वाड्याचा चौक

एवढा खल कशाला? आमच्याकडे हाडवैद्य आहेत, पिढीजात. कोमट तेलाने चोळून, एक झटका देऊन हात सरळ करतात. दीडशे रुपये, तीन फेऱ्या. आमच्या आजोबांचा खांदा त्यांनीच बसवला.

दुपारची ओपीडी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे माझं पोट रोजच्या पेशंटवर चालतं हे आधीच सांगते. तरी निम्म्याहून जास्त घाटमाथांच्या बाजूने आहे. आधी वरच्या प्रतिसादाचं.

खांद्याचं खांद्यापाशी. कोपर हा फार रागीट सांधा आहे. मार लागलेल्या, ऑपरेशन झालेल्या कोपराला जोराने चोळलं किंवा झटके देऊन ताणलं तर आजूबाजूच्या स्नायूत हाड तयार होऊ शकतं. मग सांधा खरोखरच कुलूप लावल्यासारखा होतो आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ येते. दीडशे रुपयांत मिळणारा हा सगळ्यात महाग उपचार. तेल लावायचंच असेल तर व्रणावरून बोटाने हलकं फिरवा, तेही टाके पूर्ण भरल्यावर.

आता मूळ प्रश्न. रोजच्या कामांना कोपर साधारण ३० अंशांपासून १३० अंशांपर्यंत वाकावं लागतं (पूर्ण सरळ हात म्हणजे शून्य). भाचा आता कुठे आहे? हे कळल्याशिवाय "रोज की आठवड्याला" या भांडणाला अर्थ नाही. कंपासपेटीतला कोनमापक घ्या. हात टेबलावर आडवा, कोनमापकाचा मध्य कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर. दर रविवारी त्याच वेळेला, त्याच माणसाने मोजायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. आकडा पुढे सरकतोय तोवर आठवड्यातून एकदा पुरेल. दोन रविवार आकडा हलला नाही तर काही दिवस रोज जा, काय चुकतंय ते सापडेल.

घरचा व्यायाम म्हणजे त्याने स्वतः, स्वतःच्या ताकदीने हलवणं. दुसऱ्याने दाबून वाकवायचं नाही, मायेच्या माणसाने तर मुळीच नाही. आधी दहा मिनिटं शेक. मग वाकवणं, सरळ करणं, आणि मुठीत लाटणं उभं धरून तळवा एकदा आभाळाकडे, एकदा जमिनीकडे. हा शेवटचा सगळे विसरतात. माझ्याकडे एक मुलगा आला होता, त्याची तक्रार काय, तर देवळात प्रसादाला हात पुढे करता येत नाही. हात उताणाच होत नव्हता. वजन उचलायचं की नाही हे मात्र ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना विचारूनच.

एक गोष्ट आठवड्यावर ढकलू नका. करंगळीत मुंग्या येणं, ती बधिर होणं, पंजाची पकड कमी होत जाणं. कोपराच्या आतल्या बाजूने नस जाते. असं काही असेल तर उद्याच सर्जनकडे.

लालपरी

सरकारी दवाखान्याचं कुणीच कसं बोललं नाही? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरलाही पैसे नाहीत. जिल्ह्याला फिजिओ विभाग असतो. फुकटात रोज करा, अबोला संपवा.

घाटमाथा

@लालपरी, जिल्हा आमच्यापासून ३८ किलोमीटर. बहिणीला एसटीत अर्धं तिकीट, भाच्याला पूर्ण. पहाटे सातची गाडी, नंबर लागेपर्यंत अकरा, घरी यायला दोन. तिचं मशीन दिवसभर बंद. फुकट म्हणायचं तर म्हणा.

@ओपीडी ताई, कोनमापक काढला. ४५ ते ९५.

तिसरा बाक

जवळ फिजिओथेरपीचं कॉलेज असेल तर त्यांची ओपीडी बघा. माझ्या आईचं तिथे वीस रुपयांत झालं. इंटर्न असतात, पण मागे मॅडम उभ्या असतात, आणि खरं सांगू का, पोरं वेळ देतात. क्लिनिकसारखं एकाच वेळी चार पेशंटना वायरी लावून फोनवर बोलत बसत नाहीत.

उंबरठा

आणि दर महिन्याला इंटर्न बदलतो. नव्याला पहिल्यापासून सगळं सांगा.

शिफ्ट बी

सगळे कोपरावर बोलताय. मामांनी पहिल्याच ओळीत "शिफ्टला जाताना" लिहिलंय, ते कुणी वाचलं नाही. भाचा कुठे कामाला? पगार किती? पावतीवर ०.७५ टक्के कपात दिसते का?

घाटमाथा

एमआयडीसीत, कंत्राटदाराकडून. १६,५०० पगार. पावती बघितली, कपात आहे. आम्हाला वाटलं तो पीएफचाच काहीतरी भाग.

शिफ्ट बी

ते ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. महिना २१,००० पर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो, ०.७५ टक्का त्याचा, ३.२५ टक्के मालकाचे. म्हणजे ईएसआयच्या दवाखान्यात उपचार त्याचा हक्क आहे, फिजिओसकट. दुसरं त्याहून मोठं. घरातून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघात वेळ, जागा, रस्ता यांचा कामाशी संबंध दाखवता आला तर कामावरची इजा धरतात. कायद्यात २०१० साली ही तरतूद आली. तसं ठरलं तर हात बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळतो.

अपघाताचा अहवाल मालकाने पाठवायचा असतो. कंत्राटदार "बघू" म्हणेल. तुम्ही बघत बसू नका. हजेरीपट, त्या दिवशीची शिफ्ट, दवाखान्याचा पहिला कागद आणि पोलीस नोंद असेल तर ती घेऊन स्वतः ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा. मी आमच्या लाइनवरच्या एकासाठी चार चकरा मारल्या. पाचव्या चकरेला काम झालं. गोड बोलून नाही झालं.

२८,८०० वाचवायच्या नादात तुम्ही महिन्याच्या चौदा हजारांवर पाणी सोडत होता, मामा.

उंबरठा

हे भारीच. पण माझा मुद्दा राहिलाच. रोज क्लिनिकला जाण्यात दहा मिनिटांच्या व्यायामापेक्षा जास्त काही असतं. तेवीस वर्षांचा मुलगा, काम बंद, डाव्या हाताने कसाबसा जेवतोय, आई शेजारी शिवतेय, मामा पैसे मोजतोय. आठवड्यातून एकदाच घराबाहेर पडायचं का त्याने? भाऊ घरी होता तेव्हा दुपारी बारापर्यंत उठायचा नाही. हात दुखतो म्हणून नाही. उठून करायचं काय म्हणून. त्याच्याशी कुणीतरी हात सोडून दुसरं बोला. रात्री झोप नसेल, सारखं रडू येत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

दुपारची ओपीडी

हे मान्य. माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे एकमेकांना बघून व्यायाम करतात. तो फायदा घरी नाही, हे खरंच. मग असं करा: पहिले दोन आठवडे एक दिवसाआड जाऊ दे, सवय लागू दे, मग आठवड्यातून एकदा.

घाटमाथा

एक दिवसाआड दोन आठवडे, सहा-सात फेऱ्या, २८०० च्या आत. जमेल. बहिणीला वाचून दाखवलं. "त्या ताई बोलल्या म्हणून ऐकतोस" एवढंच म्हणाली. पण बोलली.

डावखुरा_तात्पुरता

मी तो भाचा. मामांनी माझ्यावर धागा काढलाय हे मला मावसभावाने सांगितलं.

काही दुरुस्त्या. एक, मी बारापर्यंत झोपत नाही, साडेदहाला उठतो. दोन, ४५ ते ९५ मामांनी मोजलं तेव्हा कोनमापक उलटा धरला होता. मी आणि आईने रविवारी परत मोजलं: ५० ते १००. तीन, करंगळीला मुंग्या येतात. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण अजून एका डॉक्टरचा खर्च. हे वाचून काल रात्री आईला सांगितलं. उद्या सकाळी सर्जनकडे जातोय, आणि तिथून शाखा कार्यालयात.

@शिफ्ट बी दादा, हजेरीपटावर त्या दिवशी माझी खाडाच लागलीय, कारण मी पोचलोच नाही ना. मग शिफ्ट कशावरून दाखवायची?

शिफ्ट बी

आदल्या आठवड्याचा शिफ्टचा तक्ता सुपरवायझर व्हॉट्सअॅपवर टाकतो ना? तो शोध. डिलीट करू नकोस. आणि फोन डाव्या हाताने धरू नकोस, उजव्याने धर.