मदत हवी आहे: व्हॉल्व्हचा रेडिओ दहा मिनिटांनी घोगरा होतो, एक व्हॉल्व्ह फार तापतो

नमस्कार. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओ दुरुस्त करायला घेतलाय आणि एका जागी अडकलेय. जुने सेट हाताळलेलं कुणी असेल तर कृपया वाट दाखवा.

सेट कराडजवळ गावच्या घरी माळ्यावर होता. लाकडी खोकं, पुढे विणलेलं कापड, काचेची डायल, खाली पियानोच्या पट्ट्यांसारखी बटणं. कंपनीच्या नावाची पट्टी कधीच पडून गेलीय, त्यामुळे नेमकं सर्किट मिळत नाही. डायलवर मीडियम वेव्हच्या रांगेत २४० मीटरजवळ ऑइलपेंटचा एक बारीक पांढरा ठिपका आहे. आप्पांनी दिलेला. तिथे सांगली केंद्र लागायचं, १२५१ किलोहर्ट्झ, आणि संध्याकाळी बाजारभाव ऐकताना काटा शोधत बसायला नको म्हणून ही खूण. आप्पा आता ८१ वर्षांचे आहेत. सेट खाली उतरवला तेव्हा त्यांनी आधी तो ठिपका अंगठ्याने पुसून पाहिला, अजून आहे का म्हणून.

आत चार व्हॉल्व्ह आहेत: यूसीएच८१, यूबीएफ८९, यूसीएल८२ आणि यूवाय८५. काच कुणाचीच फुटलेली नाही. डायलचा दोरा कुजला होता, तो बदलला. व्हॉल्व्हच्या पायांवरची आणि बँड बदलायच्या स्विचमधली घाण कॉन्टॅक्ट क्लीनरने काढली. स्पीकरचा कागद एका कडेला फाटला होता, तिथे टिश्यू पेपर पातळ फेव्हिकॉलने चिकटवला. मागचा पुठ्ठा उंदरांनी खाऊन टाकलाय.

सुरू केल्यावर अर्ध्या-पाऊण मिनिटात स्टेशन लागतं. सोबत बारीक घुंम्म असा आवाज सतत असतो, व्हॉल्यूम पूर्ण कमी केला तरी जात नाही. तो एक वेळ चालेल. पण दहा-बारा मिनिटं झाली की निवेदकाचा आवाज फाटायला लागतो, घोगरा होतो, मग बसत जातो. तोवर यूसीएल८२ इतका तापलेला असतो की जवळ हात नेववत नाही. बंद करून अर्ध्या तासाने लावला की पुन्हा सुरुवातीला छान.

एका दुकानात दाखवला. त्यांनी सांगितलं की आतलं सगळं काढून ब्लूटूथचं बोर्ड बसवू, खोकं तेच राहील. मी सेट उचलून घरी आणला. आप्पांना खोकं नकोय, तो आवाज हवाय.

मी शाळेत विज्ञान शिकवते. डाख देता येतो, ट्रान्झिस्टरची सर्किटं वाचता येतात, डिजिटल मल्टिमीटर आहे. व्हॉल्व्ह पहिल्यांदाच हाताळतेय. यूसीएल८२ गेला असं समजून नवा मागवू का? आणि चासीवर (आतल्या धातूच्या सांगाड्यावर) एक जाड सिरॅमिकचा रेझिस्टन्स आहे, तोही भाजेल इतका तापतो. तो बदलायला हवा का?

प्रतिसाद

ताई, व्हॉल्व्ह मागवायच्या आधी थांबा, आणि सेटचा प्लग काढून ठेवा. दुरुस्तीचं नंतर बघू.

तुमचे चारही नंबर 'यू'ने सुरू होतात. 'ई'वाले व्हॉल्व्ह (ईसीएच८१, ईसीएल८२) ६.३ व्होल्टच्या फिलॅमेंटचे (फिलॅमेंट म्हणजे आतली तापणारी तार), त्या सेटमध्ये बहुधा ट्रान्सफॉर्मर असतो. 'यू'वाल्यांची फिलॅमेंट १०० मिलिअँपियरची आणि एकामागोमाग एक जोडलेली असतात. यूसीएच८१ ला १९ व्होल्ट, यूबीएफ८९ ला १९, यूसीएल८२ ला ५०, यूवाय८५ ला ३८. बेरीज १२६. भिंतीतून येतात २३०. उरलेले सुमारे १०४ व्होल्ट त्या जाड रेझिस्टन्सने खायचे, म्हणजे दहा वॅटच्या वर उष्णता. तो तापणारच, त्याचं कामच ते आहे. त्याला हात लावू नका आणि त्याच्या वरची हवा अडवू नका.

पण याचा दुसरा अर्थ गंभीर आहे. अशा सेटमध्ये मेन ट्रान्सफॉर्मर नसतो. लाइनची एक तार थेट चासीला जाते. दोन पिनचा प्लग उलटा बसला की चासीवर फेज. सुलटा बसला आणि बटण एकाच तारेत असलं, तर रेडिओ बंद असतानाही फिलॅमेंटमधून चासीवर फेज येऊ शकतो. नॉबचे धातूचे स्क्रू, मागून दिसणारी चासी, सगळं त्यातच. म्हणून मागचा पुठ्ठा ही या सेटची सुरक्षेची वस्तू आहे. घरात लहान मूल असेल तर पुठ्ठ्याशिवाय सेट एक मिनिटही लावू नका. चासीला अर्थिंगची तार जोडायची नाही, कुणी सांगितलं तरी.

काम करताना २३० ते २३० चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, १०० व्हीएचा पुरेल. त्याच्यापुढे १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल आणि सेट वाचेल. ट्रान्सफॉर्मर असला तरी एचटीचे (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या उच्च दाबाच्या डीसीचे) दोनशेच्या वरचे व्होल्ट आत असतातच, म्हणून मोजताना एक हात पाठीमागे.

प्रतिसाद

वरच्या दादांनी जीव वाचवला, मी दुखण्यावर बोलतो.

माझा व्हॉल्व्हवर संशय नाही, कपलिंग कंडेन्सरवर आहे. यूसीएल८२ म्हणजे एका काचेत दोन व्हॉल्व्ह, छोटा ट्रायोड आणि मोठा पेंटोड. ट्रायोडचा अॅनोड (जिथून आवाज बाहेर पडतो ते टोक) ९ नंबरच्या पायावर, पेंटोडचा ग्रिड (किती करंट वाहील ते ठरवणारी जाळी) ३ नंबरवर. या दोघांच्या मध्ये ०.०१ ते ०.०२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. त्याने आवाज पुढे जाऊ द्यायचा आणि डीसी अडवायचा. जुना कागदी, मेण ओतलेला कंडेन्सर ओल धरतो आणि डीसी गळायला लागतो. गरम झाला की जास्त गळतो, म्हणून तुमची दहा मिनिटं. ग्रिड धन झाला की पेंटोड भरमसाट करंट ओढतो, तापतो, आवाज फाटतो. असाच चालवत राहिलात तर व्हॉल्व्ह जाईल आणि त्याच्याबरोबर स्पीकरला जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही. तो गुंडाळून देणारे आता फार थोडे राहिलेत.

तपासायचं असं. मल्टिमीटरची काळी पिन फिल्टर कंडेन्सरच्या (डीसी सपाट करणारा मोठा कंडेन्सर) उणे टोकाला, लाल ३ नंबरच्या पायाला. डिजिटल मीटर आहे ते बरंय, काट्याचा स्वस्त मीटर ग्रिडवरचे व्होल्ट स्वतःच खाली ओढतो. शून्य किंवा थोडं उणे दिसायला हवं. सेट तापेपर्यंत आकडा धनाकडे चढत गेला तर बंद करा, कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक सोडवा आणि पुन्हा मोजा. आवाज येणार नाही, त्याची काळजी नको. आता आकडा शून्यापाशी थांबला तर दोष कंडेन्सरचा. तरीही चढला तर मात्र व्हॉल्व्हमध्ये गॅस, म्हणजे काचेतली निर्वात पोकळी बिघडलेली.

बदलताना त्याच किमतीचा पॉलिएस्टर कंडेन्सर घ्या, ६३० व्होल्टचा. कपात नको इथे.

घुंम्म फिल्टर कंडेन्सरचं आहे. तो ॲल्युमिनियमचा डबा असेल, बहुधा ५० + ५० मायक्रोफॅरड. आतला द्रव सुकलाय. डबा दिसायला जागेवर राहू द्या, पण त्याच्या तारा सोडवा आणि खाली ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे दोन नवे लावा. जुन्याला समांतर जोडून ठेवू नका, तो पुढे गळायला लागतो. आणि जास्त चांगला म्हणून २२० चा बसवू नका, दर वेळी तो भरताना यूवाय८५ वर ताण येतो. हात घालण्याआधी जुना कंडेन्सर १० किलोओहमच्या पाच वॅटच्या रेझिस्टन्सने काही सेकंद रिकामा करा, मग मीटरने खात्री करा.

सगळे कंडेन्सर एका बसणीत बदलायचा मोह टाळा. एक बदला, सेट लावून बघा, मग दुसरा. चूक झाली तर कुठे झाली ते कळतं. माल मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास मिळेल.

मूळ धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. चासीचं वाचून अंगावर काटा आला. गेले चार दिवस मी तो सेट जेवणाच्या टेबलावर उघडा चालवत होते आणि भाची शेजारी बसून अभ्यास करत होती.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणला, बल्बही लावला. ३ नंबरच्या पायावर सुरुवातीला ०.४ व्होल्ट होते, बाराव्या मिनिटाला ११. आवाज फाटला तो याच सुमाराला. कंडेन्सरचं टोक सोडवून पुन्हा वीस मिनिटं ठेवला, आकडा शून्यापाशीच राहिला. म्हणजे व्हॉल्व्ह वाचला. काढलेला कंडेन्सर तपकिरी मेणाचा होता, एका टोकाला चीर गेलेली. तो डबीत ठेवलाय, मुलांना शाळेत दाखवेन.

काल नवा बसवला. सव्वा तास सलग चालवला, आवाज तसाच राहिला. यूसीएल८२ गरम होतो, पण आता त्याच्याजवळ हात धरवतो. घुंम्म अजून आहे, फिल्टर कंडेन्सर रविवारी.

आप्पा दारात खुर्ची घेऊन बसले होते. नॉब फिरवायला मागत होते, मी दिला नाही. त्यांना ते आवडलं नाही आणि मला नाही म्हणताना जड गेलं. तेव्हा आता घाई त्या पुठ्ठ्याची आहे. तीन मिलिमीटरच्या भोकं पाडलेल्या हार्डबोर्डचा मागचा भाग कापला तर उष्णतेला चालेल का? रेझिस्टन्सपासून किती अंतर ठेवू? आणि नॉबच्या स्क्रूच्या खड्ड्यात पूर्वी काय भरायचे, मेण की आणखी काही? एवढं कळलं की नॉब त्यांच्या हातात देते.