बी विंगचं प्लास्टर आणि रिडेव्हलपमेंट

सावंत काकू (बी-२०३): पुन्हा पडलं!! मधल्या जिन्यात दूधवाला थोडक्यात वाचला. सळ्या उघड्या पडल्यात, गंजून पापुद्रे सुटतायत. कमिटी कसली वाट बघतेय?

देसाई सेक्रेटरी: काकू, उद्या सकाळी माणूस येतोय. तोवर कृपया त्या जिन्याने जाऊ नका.

निलेश (ए-४०१): डागडुजी किती वर्षं? बिल्डरची ऑफर आहे ना, जादा जागा, कॉर्पसची एकरकमी रक्कम, भाडं. द्या आणि मोकळे व्हा

पाटील सर (ए-१०२): कन्व्हेयन्सचं, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करण्याचं काय झालं?

सावंत काकू: मोकळे कसले? टॉवर होणार, चार लिफ्ट, पोडियम, स्टॅक पार्किंग, त्याचा मेन्टेनन्स आमच्या ह्यांच्या पेन्शनमधून? मग घर विकून बदलापूर गाठायचं. म्हणून म्हणते स्वतः करूया, १३ सप्टेंबर २०१९च्या जीआरमध्ये स्वयंपुनर्विकासाला १० टक्के जादा एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी आहे, मुंबै बँक कर्ज देते, विक्रीच्या फ्लॅटमधून ते फिटतं. बिल्डिंग बेताची ठेवायची, गच्चीवर सोलर, लिफ्ट-पंपाचं बिल खाली.

निलेश: आणि फ्लॅट विकले नाही गेले तर काकू? हप्ते कोण भरणार?

मेहताभाई (सी-३०१): पहिले पार्किंगचं बोला. माझ्या जागेवर परत कोणाची तरी ॲक्टिव्हा

देसाई सेक्रेटरी: मेहताभाई, विषय भरकटतोय.

मेहताभाई: माझाच विषय भरकटतो नेहमी

राणे काका: सभासदांनी मिळून घरं बांधणं ही आजची टूम नाही. गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ सालची आहे.

मेहताभाई: तेव्हा पार्किंगचं टेन्शन नव्हतं काका 😄

निलेश: सिंकिंग फंडाचा, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या पैशांचा हिशोब मागून मागून मिळाला, आणि हेच कोट्यवधींचं बांधकाम सांभाळणार?

देसाई सेक्रेटरी: हिशोब ऑडिट झालेला आहे, बोर्डावर लावलाय. शब्द जपून वापरा.

सावंत काकू: भांडा नंतर. पुनर्विकासासाठीच्या सरकारच्या २०१९च्या ७९अ निर्देशांत सभेला दोन तृतीयांश हजेरी लागते, गेल्या सभेला निम्मे पण नव्हते आणि इथे मात्र सगळे बोलतात.

पाटील सर: परत विचारतो. मूळ बिल्डर सही देत नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्स करता येतं, त्याचा अर्ज डीडीआरकडे (जिल्हा उपनिबंधक) टाकला का? जमीन सोसायटीच्या नावावर नसेल तर बँक फाईलला हात लावणार नाही. बिल्डर आला तरी आधी हेच.

देसाई सेक्रेटरी: नाही सर. फ्लॅटचे करारनामे आणि इंडेक्स टू (नोंदणीचे उतारे) अपुरे आहेत, सी विंगचे बरेच बाकी.

पाटील सर: नावं टाका ग्रुपवर.

मेहताभाई: माझा करार लोनवाल्या बँकेत आहे. झेरॉक्स चालेल का?

देसाई सेक्रेटरी: चालेल, आज ऑफिसात द्या.