केबल जोडलेली, पोर्टचा दिवाही सुरू, तरीही सर्व्हर संपर्काबाहेर: बाँडिंगमध्ये काय राहून गेले?

प्रश्न

आमच्या पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) चालणारा एक सर्व्हर असून सर्व शाखांचे खातेव्यवहार त्यावरील डेटाबेसमध्ये नोंदले जातात. एखादे पोर्ट किंवा स्विच बंद पडले तरी काम थांबू नये म्हणून मी सर्व्हरची १ गिगाबिटची दोन पोर्ट एकत्र करून बाँड तयार केला आहे. मोड १, म्हणजे ॲक्टिव्ह-बॅकअप (एक पोर्ट कामात, दुसरे राखीव), निवडला असून एमआयआयमॉनचे, म्हणजे लिंक तपासण्याच्या अंतराचे, मूल्य १०० ठेवले आहे. एक केबल ‘अ’ स्विचला आणि दुसरी ‘ब’ स्विचला जाते; हे दोन्ही स्विच पुढे एका मुख्य स्विचला जोडलेले आहेत आणि गेटवे, म्हणजे बाहेरच्या नेटवर्ककडे जाण्याचे उपकरण, त्याच्या पलीकडे आहे. उभारणीच्या वेळी मी केबल काढून चाचणी घेतली होती आणि बाँड लगेच दुसऱ्या पोर्टवर गेला होता.

गेल्या आठवड्यात मात्र ‘अ’ स्विचकडून मुख्य स्विचकडे जाणारी केबल निकामी झाली. सर्व्हर आणि ‘अ’ स्विच यांच्यामधील लिंक शाबूत असल्यामुळे बाँड त्याच पोर्टवर राहिला आणि मी स्वतः जाऊन केबल काढेपर्यंत सुमारे ४० मिनिटे शाखांचे कामकाज बंद होते. अशी बिघाडाची स्थिती सर्व्हरला कशी ओळखता येईल? तसेच मोड ४, म्हणजे दोन्ही लिंक एकाच वेळी वापरणारा मोड, वापरल्यास हा प्रश्न सुटेल आणि वेगही दुप्पट होईल, असे एका सहकाऱ्यांचे मत आहे. ते कितपत बरोबर आहे?

पहिले उत्तर

आपल्या बाँडने सांगितलेले काम बरोबर केले आहे; त्याला सांगितलेले कामच अपुरे होते. एमआयआयमॉन दर १०० मिलिसेकंदांनी फक्त एवढेच पाहतो की, आपल्या पोर्टला समोरच्या उपकरणाकडून सिग्नल मिळतो आहे की नाही. समोरच्या स्विचच्या पलीकडे रस्ता खुला आहे का, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही.

आपल्या रचनेला एआरपीवर (आयपी पत्त्यावरून उपकरणाचा हार्डवेअर पत्ता विचारण्याची पद्धत) आधारलेली तपासणी योग्य ठरेल. यात सर्व्हर ठरावीक अंतराने दिलेल्या पत्त्याला एआरपी विनंती पाठवतो आणि उत्तर येणे थांबले की तो मार्ग बंद झाल्याचे मानतो. एआरपी इंटरव्हल १०००, म्हणजे एक सेकंद, ठेवावा आणि लक्ष्य म्हणून गेटवेचा पत्ता द्यावा. केवळ एकच लक्ष्य देऊ नये, कारण गेटवे पुन्हा सुरू होत असताना सर्व्हरला आपलेच दोन्ही मार्ग बंद असल्याचे वाटेल. मुख्य स्विचच्या पलीकडचे, सदैव चालू असणारे आणखी एखादे उपकरणही द्यावे. एकूण १६ लक्ष्ये देता येतात. एमआयआयमॉन आणि एआरपी तपासणी एकत्र वापरता येत नाहीत, त्यामुळे आधीचे मूल्य काढून टाकावे लागेल.

एआरपी व्हॅलिडेट, म्हणजे आलेला एआरपी संदेश खरोखर तपासणीचाच आहे का हे पडताळणारा पर्याय, बहुतेक जण वगळतात, परंतु आपल्यासाठी तो महत्त्वाचा आहे. तो दिला नाही, तर पोर्टवर येणारी इतर यंत्रांची रहदारीसुद्धा मार्ग चालू असल्याचा पुरावा धरली जाते. ‘अ’ स्विचवर दुसराही एखादा बाँड केलेला सर्व्हर असेल, तर दोघांच्या विनंत्या एकमेकांपर्यंत पोहोचत राहतील आणि पुढचा रस्ता तुटलेला असूनही दोघांना सारे सुरळीत असल्याचा भास होईल.

दुसरे उत्तर

मोड ४ विषयी लिहितो, कारण याबाबतचा गैरसमज मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. या मोडमध्ये सर्व्हर आणि स्विच एलएसीपी या नियमावलीच्या संदेशांद्वारे एकमेकांशी बोलणी करून लिंक एकत्र करतात. हे मानक २००० साली ८०२.३एडी म्हणून आले आणि २००८ साली ८०२.१एएक्स या क्रमांकाखाली गेले. समोर एकच स्विच, किंवा एकच असल्यासारखे वागणारे स्टॅक केलेले स्विच, असावे लागतात. आपले ‘अ’ आणि ‘ब’ स्वतंत्र असतील, तर सर्व्हरवर दोन वेगळे ॲग्रिगेटर (एकत्र केलेल्या लिंकचे गट) तयार होतील आणि त्यांपैकी एकच कामात राहील. शिवाय एलएसीपी शेजारच्या स्विचपुरतेच बोलते, त्यामुळे आपल्याकडे झालेला बिघाड त्यालाही दिसला नसता, आणि मोड ४ मध्ये एआरपी तपासणी चालत नाही.

वेगाबाबतही सहकाऱ्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. एका जोडणीची पॅकेट एकाच लिंकवरून जातात, म्हणून एखादी मोठी बॅकअप फाइल एकाच जोडणीवरून पाठवताना १ गिगाबिटचीच मर्यादा राहते. अनेक शाखा एकाच वेळी काम करत असताना मात्र एकूण क्षमतेचा लाभ मिळू शकतो. आपला हेतू अखंडित सेवा हा आहे, तेव्हा मोड १ सोडू नये असे मी आग्रहाने सांगेन.

एखादे पोर्ट प्रायमरी, म्हणजे पसंतीचे, ठरवले असेल, तर त्याच्याकडे केव्हा परतायचे हे सांगणाऱ्या प्रायमरी रीसिलेक्टचे मूल्य ‘फेल्युअर’ ठेवावे. अन्यथा अधूनमधून तुटणारी केबल जोडली जाताच बाँड प्रत्येक वेळी तिच्याकडे परत जाईल.

तिसरे उत्तर

सॉफ्टवेअरमधील बदलांइतकेच लक्ष केबल कुठून कुठे जातात याकडे द्यावे. दोन्ही पोर्ट एकाच नेटवर्क कार्डावर असतील, तर ते कार्ड जळताच बाँडचा उपयोग संपतो. एक पोर्ट मदरबोर्डवरचे आणि दुसरे वेगळ्या कार्डावरचे घ्यावे. दोन्ही स्विच एकाच यूपीएसवर आहेत का, हेही पाहावे. मुख्य स्विच एकच आहे, याची नोंद व्यवस्थापनाला लेखी द्यावी, कारण तो बंद पडल्यास सर्व्हरवरील कोणतीही मांडणी कामाला येणार नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री शाखा बंद झाल्यावर दोन लक्ष्ये आणि एआरपी व्हॅलिडेट यांसह बदल केले. त्यानंतर सर्व्हरच्या केबलला हात न लावता ‘अ’ स्विचची मुख्य स्विचकडे जाणारी केबल काढली. काही सेकंदांत बाँड ‘ब’ कडे गेला आणि डेटाबेसची चालू जोडणी तुटली नाही. केबल परत लावल्यावर तो ‘ब’ वरच राहिला. तिसऱ्या उत्तरातील शंका खरी निघाली: दोन्ही स्विच एकाच यूपीएसच्या एकाच पट्टीवर होते. ‘ब’ आता दुसऱ्या यूपीएसवर घेतला आहे आणि वेगळ्या नेटवर्क कार्डाची मागणी आज नोंदवली आहे.