शब्दचर्चा: ‘हाहा’ला मराठीत काय म्हणावं? ‘-ला हसले’ की ‘-वर हसले’?

कोरीपाटी:
गटचर्चेच्या एका मुक्त सॉफ्टवेअरचं आम्ही काही जण मिळून मराठीकरण करतोय. कुणाच्या लिखाणाखाली शब्द न लिहिता नुसता चेहरा किंवा अंगठा डकवता येतो, त्या चिन्हांना नावं द्यायचं काम माझ्याकडे आलं. ‘लाइक’ला ‘आवडलं’, ‘सॅड’ला ‘वाईट वाटलं’ इथपर्यंत सुरळीत झालं. ‘हाहा’पाशी अडलं. कारण नाव एकटं येत नाही. सॉफ्टवेअर त्याचं वाक्य बनवतं आणि मूळ लिहिणाऱ्याला दाखवतं. मी लिहिलं होतं, ‘तिघे तुमच्या प्रतिसादाला हसले’. सहकारी म्हणाली, हा सरळ अपमान आहे, ‘प्रतिसादावर हसले’ कर. माझ्या कानाला नेमकं उलट वाटतं. आमच्या घरात विनोदाला हसायचे आणि एखाद्यावर हसणं म्हणजे टिंगल.

दुसरी अडचण ‘रिस्पेक्ट’ची. हे चिन्ह मुद्दाम घातलंय, ‘पटलं नाही, पण मुद्दा नीट मांडलात’ असं सांगता यावं म्हणून. ‘आदर’ जड होतो, शिवाय आदर माणसाबद्दल असतो, मुद्द्याबद्दल नाही. सुचवा.

तिरपीरेघ:
दोघींचंही अर्धंच बरोबर आहे. फरक प्रत्ययात नाही, नामात आहे. ‘विनोदाला हसले’ कुणाला बोचत नाही. ‘मला हसले’ प्रत्येकाला बोचतं. प्रत्यय तोच. ‘लोक हसतील’ या वाक्यात तर कर्म सांगावंच लागत नाही, तरी कुणाला हसतील ते प्रत्येक मराठी माणसाला कळतं. ‘प्रतिसाद’ हा विनोद आणि माणूस यांच्या मधे पडतो. त्यात माझं मत असतं, म्हणून प्रतिसादाला हसले की मला हसले असंच वाटतं.

मूळपाठ:
‘-वर हसणे’ हे मराठी नाहीच. हिंदीतल्या ‘किसी पर हँसना’चं थेट उचललेलं रूप आहे. ‘माझ्यावर हसतो’ असं नाही, ‘मला हसतो’ असंच म्हणायचं. हे आता वर्तमानपत्रांतही दिसतं, त्यामुळे नवीन मुलांना खटकत नाही, पण म्हणून ते बरोबर ठरत नाही.

तिरपीरेघ:
‘माझ्यावर हसतो’बद्दल मान्य. पण ‘या विनोदावर सगळे खळखळून हसले’ हे तुम्हाला हिंदी वाटतं का? मला नाही वाटत. तिथला ‘वर’ म्हणजे ‘यावर तो म्हणाला’ मधला ‘वर’, नंतर या अर्थाचा. लक्ष्य दाखवणारा ‘वर’ वेगळा.

मूळपाठ:
हा फरक तुम्ही आता काढलात. बोलणारा असा फरक करत नाही.

दुपारचीवेळ:
माझ्या मते तुम्ही चुकीच्या जागी शोधताय. चेहऱ्याला विभक्ती नसते, आणि सगळं दुखणं तिथेच आहे. आईच्या आजारपणात मी एका गटात औषधाच्या वेळांबद्दल लांबलचक प्रश्न विचारला होता. उत्तरं चांगली आली, पण खाली दोन हसरे चेहरे होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे. मला हसले? प्रश्नाला हसले? वरच्या कुणाच्या गमतीला हसले आणि अंगठा चुकून माझ्या ओळीवर पडला? विचारायची सोय नाही. कुणी ‘काय बाळबोध प्रश्न आहे’ असं लिहिलं असतं तर मी उत्तर दिलं असतं, किंवा गट चालवणाऱ्याने त्याला समज दिली असती. चेहऱ्याला उत्तर देणारा माणूस उगाच चिडका ठरतो. वाक्य लिहिणाऱ्याला त्या वाक्याची जबाबदारी घ्यावी लागते, चेहरा डकवणाऱ्याला नाही. तुमच्या लेबलात ‘ला’ आला काय आणि ‘वर’ आला काय, लोक बघणार चेहराच.

अर्धविराम:
यात एक जुनी गोष्ट जोडतो. अपूर्णविराम, रेघ आणि कंस यांचा हसरा चेहरा १९८२च्या सप्टेंबरात स्कॉट फालमन यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात सुचवला. तिथल्या संगणकावरच्या फलकावर कुणीतरी लिफ्टमध्ये पारा सांडल्याची थट्टा केली होती आणि काहींनी ती खरी मानली. तेव्हा फालमन म्हणाले, थट्टा असेल तर ही खूण लावा. म्हणजे मूळ खूण लिहिणारा स्वतःच्या वाक्याला लावत होता, ‘माझं हे बोलणं हसण्यावारी घ्या’ असं सांगायला. सौजन्यासाठीच तिचा जन्म. आताची खूण दुसरा माणूस माझ्या वाक्याला लावतो. चिन्ह तेच राहिलं, कर्ता बदलला. माझ्या वाक्याखाली दुसऱ्याने लावलेली ‘हे हसण्यावारी घ्या’ ही खूण म्हणजे माझं म्हणणं मोडीत काढणं झालं. दुपारचीवेळ म्हणतात ते मला शंभर टक्के पटतं.

मूळपाठ:
मुळात ‘इमोजी’ हा शब्द तरी कशाला हवा? ‘भावचिन्ह’ हा सुंदर मराठी शब्द आहे. भाव दाखवणारं चिन्ह. इमोशनवरून इमोजी, भावावरून भावचिन्ह.

अर्धविराम:
इमोशनचा संबंध नाही. शब्द जपानी आहे. ‘ए’ म्हणजे चित्र, ‘मोजी’ म्हणजे अक्षर. इंग्रजीशी असलेलं साम्य निव्वळ योगायोग. शब्दशः करायचंच तर ‘चित्राक्षर’ होईल. ‘भावचिन्ह’ हे इमोटिकॉनला शोभेल, फालमनच्या त्या खुणेला. तो शब्द खरोखर भावना आणि चिन्ह यांच्या इंग्रजी शब्दांपासून बनलाय.

मूळपाठ:
व्युत्पत्ती जपानी असली तरी आपण त्याचा उपयोग भाव दाखवायलाच करतो. शब्द उपयोगावरून पडावा.

तिरपीरेघ:
मघाशी ‘-वर हसणे’ लोक वापरतात म्हणून चालणार नाही म्हणालात. आता उपयोग प्रमाण?

मूळपाठ:
प्रत्यय भाषेच्या हाडात असतो, नाम वरून येतं. दोन्हींना एकच नियम लावता येत नाही. हे मी गंभीरपणे म्हणतोय.

खिळाहातोडी:
मी सॉफ्टवेअर लिहितो, तेव्हा दुसरी बाजू सांगतो. गिटहब म्हणजे प्रोग्रामर मिळून सॉफ्टवेअर लिहितात ते संकेतस्थळ. तिथे पूर्वी एखाद्या चुकीची नोंद झाली की खाली शेकडो लोक नुसतं ‘अधिक एक’ लिहायचे. प्रत्येकाची सूचना सगळ्यांना जायची आणि कामाचं उत्तर त्या ढिगात हरवायचं. २०१६च्या जानेवारीत प्रकल्प चालवणाऱ्या अनेकांनी मिळून कंपनीला जाहीर पत्र लिहिलं, त्यात ही तक्रार होती. मार्चमध्ये अंगठा, हृदय वगैरे सहा चिन्हं आली आणि नुसती हजेरी लावणारं बरंचसं लेखन चिन्हांत गेलं. तेव्हा चिन्हांनी सभ्यता घालवली असं सरसकट म्हणू नका. ‘मीही’ म्हणायला वाक्य लागत नाही. आणि ‘मीही’ हेच मला ‘लाइक’साठी ‘आवडलं’पेक्षा योग्य वाटतं. चूक कुणाला आवडेल?

दुपारचीवेळ:
‘मीही’ फार छान. पण ते सहमतीसाठी. सहमती मुकी चालते, टीका मुकी चालत नाही, एवढंच माझं म्हणणं.

पानवाचक:
‘रिस्पेक्ट’बद्दल कुणी बोललं नाही, आणि मला तर तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या नॅटली स्ट्राउड आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रयोग केलाय. बातम्यांखालच्या मतांवर काहींना ‘लाइक’चं बटण दिलं, काहींना ‘रिकमेंड’, काहींना ‘रिस्पेक्ट’. ‘रिस्पेक्ट’वाल्यांनी आपल्या विरुद्ध राजकीय बाजूच्या मतांवरही जास्त वेळा बटण दाबलं. बटण दाबायची क्रिया तीच, बदलला फक्त शब्द! तेव्हा लेबल कोण बघतो असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मी ‘रास्त’ सुचवते. ‘मुद्दा रास्त आहे’ म्हणताना मी सहमत आहे असं होत नाही, आणि समोरच्याचा मान राहतो.

मूळपाठ:
‘रास्त’ फारसी. ‘यथार्थ’ किंवा ‘उचित’ घ्या. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला तो फारसी शब्द काढायलाच.

पानवाचक:
मग ‘शाबास’ही सोडावं लागेल, तेही फारसीच, मूळ अर्थ ‘आनंदी रहा’. ‘पसंत’ही सोडा. सावरकरांचे महापौर आणि दिनांक रुजले, मला ते मनापासून आवडतात, पण ते कार्यालयात रुजले. बटण दाबणारा माणूस बोलण्याच्या भाषेत असतो. ‘यथार्थ’ दाबताना त्याचा हात थबकेल.

अर्धविराम:
‘दाद’ का नको? ‘मुद्द्याला दाद’. तीही फारसी, मूळ अर्थ न्याय. म्हणूनच आपण न्यायालयात दाद मागतो. विरोधकाच्या मुद्द्याला न्याय देणं आणि दाद देणं एकाच शब्दात येतं.

पानवाचक:
दाद गाण्याला देतात. तिच्यात खूश होणं आहे. मला न आवडलेल्या, पण नीट मांडलेल्या मताला मी दाद देणार नाही, रास्त म्हणेन.

तिरपीरेघ:
जोडलेल्या हातांचं चित्र मात्र ‘रिस्पेक्ट’ला लावू नका. भांडणात ते कोपरापासूनच्या नमस्कारासारखं वाचलं जातं. ‘आता पुरे करा’ असा त्याचा अर्थ होतो.

उंबरठा:
उशिरा येतोय. अंगठ्यासाठी ‘पोच’ असा शब्द सुचवतो. मिळालं, वाचलं, एवढंच. अंगठा पोच आहे की होकार, हा वाद कॅनडात न्यायालयात गेलाय. सस्कॅचवान प्रांतातल्या शेतकऱ्याला धान्य घेणाऱ्या कंपनीने जवस खरेदीच्या कराराचा फोटो फोनवर पाठवला आणि खात्री करायला सांगितलं. त्याने अंगठा पाठवला. माल गेला नाही. तो म्हणाला, अंगठा म्हणजे कागद मिळाला. न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवलं, दोघांच्या आधीच्या व्यवहारांची रीत पाहता अंगठा म्हणजे मान्यता, आणि ८२ हजारांहून जास्त कॅनडियन डॉलरची भरपाई लावली. पुढच्या वर्षी अपिलातही तेच राहिलं. ‘पोच’ असं लेबल त्या अंगठ्याखाली असतं तर वादच झाला नसता.

दुपारचीवेळ:
‘पोच’ शब्द माझ्या डोक्यात वेगळाच वाजतो. ‘त्याला काही पोच नाही’ म्हणजे कुठे काय बोलावं ते कळत नाही. ‘पाचपोच’ही तेच. सभ्यता, शिष्टाचार, सौजन्य हे सगळे पुस्तकी शब्द मला पाचपोचापुढे फिके वाटतात. या धाग्यात आपण ज्या गोष्टीबद्दल बोलतोय तिचं नाव तेच आहे. आजारपणाच्या प्रश्नाखाली हसरा चेहरा लावणारा दुष्ट असेलच असं नाही, त्याला पाचपोच नाही.

खिळाहातोडी:
किंवा यंत्रणेला नाही. फेसबुकने २०१६ मध्ये राग, हाहा वगैरे चेहरे आणले आणि २०१७ पासून कुणाला काय दाखवायचं हे ठरवताना अशा प्रत्येक चेहऱ्याला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं. पुढे कंपनीतल्याच लोकांच्या लक्षात आलं की रागाचे चेहरे जमवणाऱ्या लिखाणात खोटी माहिती आणि विखार जास्त असतो. रागाचं वजन शून्यावर आलं ते २०२० मध्ये. मधल्या काळात लोकांना चिडवणारं लिहिणाऱ्याची चांदी झाली. माणसाचा पाचपोच काढताना हेही मोजा.

पानवाचक:
आणि ‘राग आला’ लिहिलं तरी प्रश्न सुटत नाही. कुणाचा राग? अन्यायाची बातमी देणाऱ्याचा, की अन्यायाचा? पुन्हा विभक्तीच. नापसंतीचं बटण दाबून दिलेल्या मतांबद्दल स्टॅनफर्ड आणि इतर ठिकाणच्या संशोधकांचा २०१४चा अभ्यास आहे. ज्यांना विरोधी मतं पडली ते गप्प बसले नाहीत, त्यांनी जास्त लिहिलं, आधीपेक्षा वाईट लिहिलं, आणि इतरांनाही जास्त विरोधी मतं दिली. मुक्या टीकेने माणूस सुधारत नाही. त्याला काय चुकलं तेच कळत नाही.

कोरीपाटी:
सगळ्यांचे आभार. ‘रास्त’ आणि ‘मीही’ मी नक्की मांडणार. ‘हाहा’साठी सध्या ‘तिघांना हे वाचून हसू आलं’ असं करते. लक्ष्यच नाही, त्यामुळे ‘ला’ आणि ‘वर’ दोन्ही टळतात. पण आमच्या गटात आणखी एक वाद आहे: ‘इमोजी पाठवला’, ‘पाठवली’ की ‘पाठवलं’? सूचनांमध्ये लागतंय.

तिरपीरेघ:
‘तुमचं म्हणणं ऐकून हसू येतं’ हे वाक्य वादात कधी ऐकलं नाहीत का? ते ‘हसले’पेक्षा जास्त झोंबतं. टळलं नाही काही.

उंबरठा:
ती इमोजी. ईकारान्त परकी नामं आपण सहसा स्त्रीलिंगी करतो.

खिळाहातोडी:
तो इमोजी. तो चेहरा, तो अंगठा. आमच्याकडे सगळे असंच म्हणतात.

मूळपाठ:
‘भावचिन्ह’ घेतलंत तर ‘ते’. वाद मिटतो.

अर्धविराम:
‘चित्राक्षर’ घेतलं तरी ‘ते’च. आणि उंबरठा, स्त्रीलिंगी केलंत तर अनेकवचन ‘इमोज्या’ करावं लागेल. ते तुम्ही स्वतः बोलता का?

उंबरठा:
बोलतो. माझी मुलगीही बोलते, ‘किती इमोज्या पाठवल्यास’ असं.

मूळपाठ:
मुलांच्या बोलण्यावरून लिंग ठरवायचं असेल तर मग व्याकरण कशाला?

तिरपीरेघ:
मुलांच्या बोलण्यावरूनच ठरतं. ‘टॅक्सी’चं लिंग कुणी व्याकरणात बघून ठरवलं? ‘टॅक्स्या’ आधी बोलण्यात आल्या.