मायक्रोबबल : बुडबुडा की फुगा?

एरंडवणेकर
एका रुग्णगटासाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. विषय : मायक्रोबबल आणि अल्ट्रासाउंड वापरून कर्करोगाच्या गाठीत जनुकं पोचवणं. नुसतं डीएनए रक्तात सोडलं तर वाटेतच विकरं (एन्झाइम) त्याचे तुकडे करतात, म्हणून ते बबलच्या पाठीवर बसवून न्यायचं. बाहेरून गाठीवर अल्ट्रासाउंड सोडणारा प्रोब धरला की बबल तिथेच फुटतात. मी ‘सूक्ष्म बुडबुडे’ लिहिलं. मसुदा वाचणाऱ्या काकांनी समासात लाल शाईने लिहिलं, “म्हणजे औषधही पाण्यावरचा बुडबुडाच का?” काय करू?

निवृत्त मास्तर
काकांचा टोमणा सोडा, पण शब्द चुकलाच आहे. सोड्याच्या ग्लासात वर येतो तो बुडबुडा, त्याला स्वतःची कातडी नसते. सारसबागेबाहेर पोरं फुंकून उडवतात त्यांना आपण ‘साबणाचे फुगे’ म्हणतो, बुडबुडे नाही. पापुद्रा असला की फुगा, हे मराठीने कधीच ठरवून टाकलंय. मायक्रोबबलला स्निग्ध पदार्थाचा किंवा अल्ब्युमिनसारख्या प्रथिनाचा पापुद्रा असतो आणि आत वायू. ‘सूक्ष्मफुगे’ लिहा.

प्रोबवाला
मास्तर, तर्क बरोबर. पण माझं रोजचं काम सोनोग्राफीचं. दवाखान्यात ‘फुगा’ म्हटलं की लोकांना अँजिओप्लास्टीच आठवते. त्यामुळे माप तिथल्या तिथे सांगा : १ ते १० मायक्रोमीटर, म्हणजे साधारण रक्तातल्या तांबड्या पेशीएवढे किंवा त्याहून लहान. पुढचा प्रश्न ठरलेला, “शिरेत हवा गेली तर माणूस दगावतो ना?” आत साधी हवा भरत नाहीत, ती चटकन विरघळून जाते. रक्तात फारसा न विरघळणारा वायू भरतात, सल्फर हेक्झाफ्लोराइड किंवा परफ्लुरोकार्बन. तो नंतर श्वासावाटे निघून जातो. हृदयाच्या आणि यकृताच्या तपासणीत हे फुगे आधीपासून वापरात आहेत.

जनुकं नेण्याचं काम मात्र अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि उंदरांवरच चाललंय. तेव्हा ‘पोचवली जातात’ नको, ‘पोचवण्याचे प्रयोग चालू आहेत’ लिहा. आणि अल्ट्रासाउंडला ‘सोनोग्राफी’ म्हणू नका, पुण्यात सगळेच म्हणतात तरी. ग्राफी म्हणजे चित्र काढणं, इथे चित्र नाही काढायचं.

निवृत्त मास्तर
२०,००० हर्ट्झच्या वरचा तो श्राव्यातीत ध्वनी. शाळेतला शब्द आहे, एकदा द्या आणि मग खुशाल अल्ट्रासाउंड लिहा.

एरंडवणेकर
बरं, ‘सोनोपोरेशन’? फुगा ध्वनीच्या तालावर आकसतो, फुगतो, जोर वाढला की फुटतो. त्याने शेजारच्या पेशीच्या पटलाला बारीक भोकं पडतात आणि जनुक आत शिरतं. ‘ध्वनिछिद्रण’ लिहिलं होतं. आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली, “भोक पडल्यावर पेशी जगेल कशी?”

निवृत्त मास्तर
पटल लिहिलंत ते बरं. एका लेखात ‘कर्कपेशीची पेशीभित्तिका’ वाचून हात जोडले होते. भित्तिका झाडांच्या पेशींना असते हो!

तुळशीबागवाली
आईंना कान टोचण्याची आठवण करून द्या. आमच्या लेकीचे टोचले तेव्हा सोनाराने सुई काढली न काढली तोच तार घातली. का? नाहीतर भोक बुजतं. इथे तार नाही, आणि बुजायलाच हवं. ‘ध्वनीने टोचणे’ म्हणा.

प्रोबवाला
‘बुजतं’ झकास! बहुतेक भोकं काही सेकंदांत ते काही मिनिटांत बुजतात. जोर फार लावला तर मात्र बुजत नाहीत आणि आईंची शंका खरी ठरते. तेही लिहा.

एरंडवणेकर
‘सूक्ष्मफुगे’ घेतलं, ‘बुजतं’ही घेतलं. आईला पटलं, काकांचा निरोप अजून नाही. शीर्षक ठेवलंय ‘जनुकीय कर्करोगावर उपचार’.

तुळशीबागवाली
अगं, त्याचा अर्थ घराण्यात चालत आलेला कर्करोग असा होतो! ‘कर्करोगावर जनुकोपचार’ कर. छापायला गेलं नाही ना अजून?