पुरोगामी : आजीला हा शब्द लावायचा की नाही?

उंबरा :
मंडळी, अडलंय म्हणून विचारतोय. आजीच्या वर्षश्राद्धाला घरच्या घरी एक पुस्तिका छापतोय, 16 पानांची, आठवणी आणि फोटो. माझ्या लेखात मी लिहिलं की आजी पुरोगामी विचारांची होती. आत्तेभावाने प्रूफ वाचलं आणि तेवढ्या शब्दावर काट मारली, म्हणे आजीला राजकारणात ओढू नकोस, आता पुरोगामी म्हणजे देवधर्म न मानणारे, आणि आजी शेवटपर्यंत एकादशी करायची, दोनदा वारीला चालत गेली. खरंय ते. पण याच आजीने तिची जाऊ तिशीत विधवा झाल्यावर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला पाटावर बसवून सगळ्यात आधी कुंकू लावलं होतं, आणि भावकीतल्या चार बायका वाण न घेता उठून गेल्या होत्या. चारी मुलींना मॅट्रिकच्या पुढे शिकवलं, आजोबा नको म्हणत असताना. आमच्या लहानपणी गावात याला पुरोगामीच म्हणायचे, शाळेतले गुरुजीसुद्धा. मग मला आठवतोय तो अर्थ चुकीचा की भाऊ म्हणतोय तो? छापखान्यात शुक्रवारी द्यायचंय.

शब्दवेडा :
अर्थ स्वच्छ आहे हो. पुरः म्हणजे पुढे, पुढे जाणारा तो पुरोगामी, उलट जाणारा प्रतिगामी. यात देव मानायचा की नाही हे कुठेच येत नाही. उलट पुरोहित शब्दही त्याच पुरः वरून आलाय, आणि पुरस्कारही. लोक चुकीचं वापरतात म्हणून आपण चांगले शब्द सोडत बसलो तर लिहायला काही उरणार नाही. छापा.

नांगरट :
पुरोहित आणि पुरोगामी एकाच घरचे हे आजच कळलं! मी इतकी वर्षं पुराणातलं पुरा समजत होतो.

शब्दवेडा :
पुरा म्हणजे पूर्वी, त्यावरून पुराण, पुरातन. हा पुरः, विसर्गवाला. गल्लत करू नका.

चौकातला :
विसर्ग ठीक आहे पण शब्द रस्त्यावर काय अर्थाने फिरतो तेही बघा ना. हा शब्द निदान 1978 पासून पक्षांच्या पाटीवर आहे. पुलोद आठवतं का, पुरोगामी लोकशाही दल, शरद पवार पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले ते सरकार, त्यात डावा शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, होता आणि जनता पक्षातून आलेले उजव्या जनसंघाचे लोकही होते. म्हणजे तेव्हा ही पाटी एवढी रुंद होती की सगळे त्याखाली उभे राहिले. मग 2004 पासून दहा वर्षं पेपरात रोज संयुक्त पुरोगामी आघाडी, संपुआ. आज जो पंचविशीत आहे त्याने हा शब्द आघाडीच्या नावातच पहिल्यांदा ऐकला असणार, आणि नंतर व्हॉट्सॲपवर प चा फ करून शिवी म्हणून. त्याला हळदीकुंकू कुठून आठवणार? भावाचा कान खोटा नाही.

शब्दवेडा :
मग शिवी देणाऱ्यांनी शब्दकोश लिहायचा का?

चौकातला :
लिहायचा नाही, पण कोशात नोंद तर करायला हवी ना की असंही म्हणतात.

पाटीपेन्सिल :
मला या भांडणात एक सांगायचंय. माझी पणजी 'सुधारकी' हा शब्द नाक मुरडूनच उच्चारायची. आई पायात चपला घालून देवळापर्यंत गेली तर 'सुधारकी आलीय अंगात'. आगरकरांनी 1888 मध्ये आपल्या पत्राचं नावच सुधारक ठेवलं, आणि पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली लोकांनी. आज सुधारक म्हटल्यावर कुणाच्या कपाळावर आठी पडते? एकाची पडत नाही, रस्त्यांना नावं देतात. उंबरा, तुम्ही सरळ सुधारक लिहा, भाऊ काट मारणार नाही.

उंबरा :
ताई, विचार केला होता. पण सुधारक म्हणजे सभा घेणारी, लेख लिहिणारी माणसं डोळ्यासमोर येतात. आजीने जे केलं ते माजघरात केलं, कुणाला सुधारायला गेली नाही.

नांगरट :
आणि देव मानणारे पुरोगामी नसतात हे भावाला कुणी सांगितलं? प्रार्थना समाज, देव मानणाऱ्या सुधारकांचा, 1867 चा, रानडे आणि भांडारकर त्यातलेच, तुकारामांचे अभंग घेऊन निरूपण करायचे.

कर्ली :
सोपं मराठी लिहा की, मोकळ्या मनाची. किंवा लिबरल, सगळ्यांना कळतं.

शब्दवेडा :
लिबरल? उदारमतवादी आहे, त्याआधी प्रागतिक होता, नेमस्त होता. तिन्ही मेले का?

कर्ली :
नेमस्त आमच्याकडे जेवणाला म्हणतात काका, नेमस्त जेवतो तो. उदारमतवादी आजी असं कुणी तोंडाने बोलून बघा.

सीमाभाग :
बेळगावात राहतो म्हणून सांगतो, इथे 'राष्ट्रीय पक्ष' ही शिवी असू शकते. अमका राष्ट्रीय पक्षात गेला म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समिती सोडली, मराठी माणसाला सोडून गेला. माझ्या काकांशी आजोबा या एका शब्दावरून सहा महिने बोलले नव्हते. पुण्याच्या माणसाला वाटेल, राष्ट्रीय मध्ये वाईट काय? तेव्हा शब्द कुठल्या अंगणात बोलला जातोय ते बघावंच लागतं.

नांगरट :
तसं तर डावे उजवेचंही आहे. फ्रान्समध्ये 1789 च्या सभेत कोण कुठल्या हाताला बसलं त्यावरून ते आलं, पण मराठीत उजवं म्हणजे आधीच चांगलं. हा त्याच्यापेक्षा उजवा आहे म्हणतो आपण, मुलगी उजवली म्हणतो, आणि वाईट ते डावलणं. डाव्यांना हा शब्द मराठीत घेतल्या दिवसापासून जड गेला असणार.

शब्दवेडा :
मुलगी उजवणं वेगळं! व्रत उजवणं म्हणजे उद्यापन, त्याला उजव्या हाताशी कसलं जोडता.

कर्ली :
पण कौल तर हाताचाच ना? आमच्या सावंतवाडीकडे देवाच्या अंगाला पाकळ्या चिकटवून कौल लावतात, उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर थांबायचं. आणि निवडणुकीलाही जनतेचा कौलच म्हणतो आपण.

पाटीपेन्सिल :
हे छान आहे. कौल मूळचा अरबी, वचन या अर्थाचा. जमीन पडीक असली की सरकार शेतकऱ्याला सवलतीचा कौल द्यायचं, कौलनामा. तिथून देवाकडे गेला की देवाकडून तिथे?

उंबरा :
कौलाचं वाचतोय, पण माझं आज ठरायला हवं. काल रात्री ज्यांना आजीने कुंकू लावलं त्या चुलतआजींना फोन केला, नव्वदीच्या आहेत. विचारलं, आजीला काय म्हणू? त्या म्हणाल्या, 'तुझी आजी धीट होती.' भावाला कळवलंय, त्याचं उत्तर नाही अजून. पुरोगामी मी काढलेला नाही, धीट पुढे जोडलाय.

शब्दवेडा :
धीट म्हणजे धृष्ट वरून आलेला. संस्कृतात धृष्ट म्हणजे उद्धटसुद्धा होतं बरं का.

कर्ली :
काका, आमच्याकडे धीट म्हणजे धीटच.