१९८४ ची पद्मिनी : रंग कुठला मारावा? सल्ला हवा

करवीरकर
नमस्कार मंडळी. थोरल्या काकांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आली आहे. पत्र्याचं काम उरकत आलंय. कुजलेला फ्लोअर बदलला, मागच्या दोन्ही मडगार्डना तुकडे जोडले. आता पेंटर रोज विचारतोय, "दादा, रंग सांगा."

गाडी हुबेहूब जुनी करायची नाही. अलॉय व्हील आणि आत टॅन रंगाच्या सीट घालणार आहे. क्रोमची जाळी, बंपर आणि मागचे ते छोटे पंख मात्र मूळचेच राहतील. डोक्यात तीन रंग आहेत: मॅट मिलिटरी हिरवा, मेटॅलिक काळा, किंवा खाली काळा आणि छत क्रीम. आरसीवर रंग पांढरा आहे. काय करू?

गॅरेज_सांगली
पहिला रंग आजच यादीतून काढा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२१ सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. जीपवाली पोरं सर्रास मारतात, म्हणून तो चालतो असं नाही. हिरवाच हवा असेल तर बाटलीसारखा गडद, चकचकीत हिरवा घ्या. क्रोमशेजारी तो फार देखणा दिसतो.

मॅटबद्दल आणखी एक. मॅटला रबिंग-पॉलिश चालत नाही. घासलं की तेवढाच भाग चमकतो. दारावर किल्लीचा ओरखडा आला तर अख्खं दार पुन्हा मारावं लागतं.

रंगकाम_पुणे
मेटॅलिक काळ्याला माझा स्पष्ट विरोध. तुमच्या मडगार्डला जोड आहेत, म्हणजे तिथे पुट्टी येणार. काळा चकचकीत रंग पत्र्याची प्रत्येक लाट दाखवतो. अंधार पडल्यावर ट्यूबलाइटखाली गाडीच्या बाजूला उभं राहून पाहा, नळीचं प्रतिबिंब सरळ न जाता वाकडंतिकडं पळतं. फिकट रंगात तीच लाट डोळ्याला कळतही नाही.

मेटॅलिकचा दुसरा त्रास पुढे होतो. त्यातली चमकी गनचा दाब आणि अंतर यानुसार बसते, त्यामुळे नंतर टच-अप केलं की शेड जुळत नाही. या गाडीच्या काळात साधे सॉलिड रंग होते आणि हिच्या गोलाईला तेच शोभतात. सॉलिडच घ्या.

मुंबईकर_काका
काळी बॉडी आणि वर पिवळसर छत केलंत तर मुंबईत प्रत्येक सिग्नलला कोणीतरी हात दाखवून दार उघडेल! आमची हयात त्या टॅक्सीतून गेली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला झाली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती बंद झाली. डोळ्यांत पाणी आलं होतं. माझं तिच्यावर अतोनात प्रेम आहे, पण तो वेश टॅक्सीचा. घरच्या गाडीला तिचा स्वतःचा रंग द्या.

एक विचारतो, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघताना तिचा रंग कुठला होता ते पाहिलंत का?

करवीरकर
काका, तुमचं वाचून आज गॅरेजात गेलो. मागच्या सीटखालचा कोपरा पाणी पेपरने हळूहळू घासला. वर पांढरा, त्याखाली मरून, मग राखाडी प्राइमर आणि अगदी तळाशी, मूळच्या प्राइमरला चिकटून, फिकट निळसर करडा! बोटाएवढ्या जागेत कडी एकात एक दिसतायत. काकू म्हणाल्या, लग्नाच्या वेळी गाडी "आभाळी" होती. मला हा रंग फारच आवडलाय. टॅन सीटबरोबर जाईल?

रंगकाम_पुणे
सुरेख जाईल. निळसर करड्याला टॅनची ऊब हवीच असते. फक्त शेडकार्डाच्या नखाएवढ्या चौकोनावर भरवसा ठेवू नका. एखादं भंगारातलं दार किंवा पत्रा घ्या, त्यावर प्राइमरसकट पूर्ण रंग मारून घ्या आणि सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी उन्हात उभा करून बघा. मोठ्या पत्र्यावर उन्हात हा रंग कार्डापेक्षा फिका वाटतो, म्हणून एक छटा गडदही मारून शेजारी ठेवा. अलॉय आणि क्रोमची जाळीही तिथेच टेकवून बघा. अलॉय काळे नकोत, चंदेरीच ठेवा.

रंग पीयू (पॉलियुरेथेन, हार्डनर म्हणजे घट्ट करणारं रसायन मिसळून मारायचा) घ्या, जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज) नको. आणि कोल्हापूरच्या पावसात मारू नका. दमट हवेत एनसीवर पांढुरकी झाक येते, पीयूच्या हार्डनरलाही ओल चालत नाही. दिवाळीनंतर काम काढा. पेंटरला साधा रुमाल बांधून पीयू मारू देऊ नका, हार्डनरची वाफ छातीला घातक असते. चांगला मास्क तुम्ही स्वतः आणून द्या.

गॅरेज_सांगली
रंग बदलताय, तर दाराच्या कडा, डिकीची आतली बाजू आणि बॉनेटखालचा भागही त्याच रंगात हवा. नाहीतर दार उघडलं की पांढरं डोकावतं. इंजिन बाहेर काढलेलं असेल तोवरच हे सोपं.

आरसीवर पांढरा आहे, त्यामुळे आरटीओत रंगबदलाची नोंद करून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. मूळ रंग हाच होता, हे कारण तिथे चालणार नाही, कागदावर असेल तोच रंग.

करवीरकर
छत क्रीम करू का, की सगळी एकरंगी?

मुंबईकर_काका
एकरंगी. गाडी लहान आहे, छत वेगळं केलं की आणखी बुटकी दिसेल.

रंगकाम_पुणे
मी मात्र क्रीमच्या बाजूने. पण फार फिकट, दुधावरच्या सायीसारखं, टॅक्सीच्या पिवळ्याच्या जवळपासही नको. भंगारातल्या दाराच्या वरच्या पट्टीवर मारून बघा, तिथेच ठरेल. शेड पक्की झाली की मिक्सिंगवाल्याकडून ग्रॅममधला फॉर्म्युला लिहून घ्या आणि अर्धा लिटर रंग हार्डनर न घालता हवाबंद डब्यात ठेवा.